छोट्या अल्बमांची आणि आडवाटेच्या चित्रपटांची समीक्षा थांबवणाऱ्या संपादकांस खुले पत्र

प्रति,
कला, संस्कृती आणि मनोरंजन विभागांचे संपादक,
वृत्तपत्रे, नियतकालिके आणि वृत्तसंकेतस्थळे

सप्रेम नमस्कार.

मोठी प्रसिद्धियंत्रणा पाठीशी नसलेले नवे संगीत आणि मोजक्या पडद्यांवर किंवा थेट ओटीटीवर येणारे वेगळ्या वाटेचे चित्रपट यांची सविस्तर समीक्षा यापुढे छापायची नाही, त्याऐवजी आठवड्यातून एकदा ‘काय ऐकाल, काय पाहाल’ अशा चौकटीत दोन-तीन ओळी आणि तारका द्यायच्या, असा निर्णय आपल्यापैकी अनेकांनी गेल्या काही काळात घेतला आहे. काहींनी तो लिहिणाऱ्यांना ईमेलने कळवला. काहींनी कळवलाही नाही. पाठवलेल्या लेखांना उत्तर येईनासे झाले आणि आम्ही काय ते समजलो. हा निर्णय मला मान्य नाही. संबंधितांशी खासगीत बोलून पाहिले, त्यातून काही निष्पन्न झाले नाही, आणि त्याचा परिणाम लिहिणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांवर अधिक होत असल्यामुळे माझे म्हणणे आता सर्वांसमोर मांडत आहे.

माझा हितसंबंध आधीच सांगून टाकते. मी मुक्त समीक्षक आहे, माझ्या मानधनाचा काही भाग याच लेखनातून येतो, आणि वाचकांनी पुढील मजकूर ही गोष्ट लक्षात ठेवूनच वाचावा. परंतु लिहायला लागण्यापूर्वी मी बरीच वर्षे केवळ वाचक होते आणि आजही लिहिते त्यापेक्षा कितीतरी अधिक वाचते. जे संगीत मला आज सर्वांत जवळचे वाटते त्यातले बरेचसे पहिल्या ऐकण्यात परके वाटले होते, आणि ते पुन्हा लावून पाहावे असे वाटायला बहुतेक वेळा कोणाचा तरी लेख कारणीभूत झाला होता.

एका अल्बमचे उदाहरण देते. घरच्या घरी ध्वनिमुद्रित केलेल्या त्या अल्बमच्या पहिल्या तीन-चार मिनिटांत गिटारच्या तुरळक आघातांखाली एक बारीक गुणगुण सतत ऐकू येत राहते. सदोष ध्वनिमुद्रण म्हणून कोणीही तो तिथेच बंद करावा, असा तो आवाज आहे. एका छोट्या मासिकातल्या लेखात समीक्षकाने लिहिले होते, की ती गुणगुण खोलीत चालू ठेवलेल्या अॅम्प्लिफायरमधल्या वीजप्रवाहाची आहे. ५० हर्ट्झचा तो प्रवाह आणि त्याच्या दुपटीची कंपने यांनाच आधारस्वर मानून वादकाने साध्या गिटारच्या तारा त्याला मिळवल्या आहेत, आणि मग ऐन मध्यावर तो अॅम्प्लिफायरचे बटण बंद करतो. त्या बटणाचा ‘टक्’ असा आवाजही त्याने कापलेला नाही. हे वाचून मी हेडफोन लावून अल्बम पुन्हा ऐकला. गुणगुण थांबते, खालचा आधार जातो, आणि तारा मात्र त्याच स्वराला धरून वाजत राहतात; त्या जागी पोचल्यावर सबंध अल्बमची रचना उलगडली. ज्या चार वाक्यांमुळे हे घडले, त्यांना आपल्या नव्या चौकटीत जागा नाही. माझ्या सगळ्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

पहिली तक्रार अर्थातच आकड्यांविषयी आहे. तारका, टक्केवारी, दहापैकी गुण, यांतले काहीही घ्या. वाचकाला घाई असते, त्याला झटपट निवाडा हवा असतो, असे आपण सांगता, आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह कोणता चित्रपट पाहावा हे ठरवणाऱ्यासाठी ते खरेही असेल. पण हे आकडे कसे बनतात ते एकदा पाहावे. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. एकूण समीक्षकांपैकी किती जणांचे मत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. ६० टक्के किंवा अधिक अनुकूल असले तर चित्रपट ‘ताजा’, त्याखाली ‘नासका’. म्हणजे सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला चित्रपट शंभर टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि निम्म्यांना विलक्षण व निम्म्यांना असह्य वाटलेला चित्रपट पन्नासावर अडकून नासक्यांच्या रांगेत बसतो. मेटाक्रिटिकची पद्धत वेगळी, तिथे भारित सरासरी काढतात. परंतु सरासरीत पाच आणि एक मिळून तीन होतात, आणि तीन तारका तर कोणीच दिलेल्या नसतात.

आता हे लक्षात घ्या, की आडवाटेच्या चित्रपटाची आणि पर्यायी संगीताची ओळखच मुळी अशी, की त्यांवरून माणसांचे दोन तट पडतात. सर्वांना सारखेच बरे वाटावे म्हणून ते केलेले नसते. तेव्हा ज्या मोजपट्टीत मतभेद आधी पुसला जातो आणि मग निकाल लागतो, ती मोजपट्टी नेमकी याच कलाकृतींना लावणे हा अन्याय आहे, आणि तो कोणाच्या वाईट हेतूतून होत नसून निव्वळ अंकगणितातून होतो, म्हणून तो कोणाला दिसतही नाही.

बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकेरमान यांचा ‘जान दिएलमान’ हा १९७५ चा चित्रपट घ्या. तो २०१ मिनिटांचा आहे. एका विधवा गृहिणीचे तीन दिवस त्यात दिसतात. कॅमेरा जागचा हलत नाही. बटाटे सोलणे, भांडी घासणे, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवणे या गोष्टींना प्रत्यक्षात जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच पडद्यावरही लागतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढेच घडते, आणि तेवढ्यावरून तिच्या दिवसाची बसलेली घडी विस्कटू लागल्याचे आपल्याला कळते. मात्र पहिल्या दिवशीचे बटाटे आपण नीट पाहिलेले असावे लागतात. ‘संथ, दीर्घ, सर्वांसाठी नाही, अडीच तारका’ अशी ओळ वाचून कोणी या चित्रपटाकडे वळेल का? आणि वळलाच, तर कशाकडे लक्ष ठेवायचे हे त्याला कळेल का? हाच चित्रपट २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ मासिकाने समीक्षक आणि अभ्यासकांकडून दर दहा वर्षांनी घेतलेल्या कौलात पहिला आला. तो निकाल न पटलेले नामवंतही होते; दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी जाहीर आक्षेप घेतला. तो आक्षेप मला पटत नाही, पण तो स्वतःच्या नावाने आणि कारणासह घेतलेला होता, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो. अडीच तारकांशी कोणता वाद घालणार?

दुसरी तक्रार वेळेची. जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध होते. त्याआधी निरनिराळ्या देशांत निरनिराळे वार होते. या बदलामागची व्यापारी कारणे समजण्यासारखी आहेत. मात्र परिणाम असा झाला, की सगळे काही एकाच दिवशी येऊन आदळते आणि मोठ्या नावांखाली बाकीचे दिवस उजाडायच्या आत गाडले जाते. त्यात आपण नियम करता, की परीक्षण शुक्रवारीच हवे, फार तर शनिवारी. सोमवारी आलेले ‘जुने’. मोठ्या कंपन्यांचे अल्बम निवडक समीक्षकांना आधी ऐकायला मिळतात. स्वतःच्या पैशांनी शंभर-दोनशे प्रती काढणारा कलाकार कोणाला आधी पाठवणार? त्याचा अल्बम आम्हालाही इतरांबरोबरच मिळतो, आणि सत्तर मिनिटांचे अनोळखी संगीत एकदा ऐकून दोन तासांत त्यावर मत देणे म्हणजे मत असल्याचे सोंग करणे होय.

चित्रपटांचे याच्या उलट. महोत्सवात दाखवला जातो तेव्हा त्यावर चार लेख येतात, त्या वेळी तो सामान्य प्रेक्षकाला पाहताच येत नाही. पुढे सहा महिन्यांनी, कधी वर्षाने, तो एखाद्या ओटीटीवर गुपचूप येतो. तेव्हा ‘यावर आधीच छापून झाले आहे’ असे उत्तर मिळते. म्हणजे पाहता येत नव्हता तेव्हा लेख होता आणि पाहता येतो आहे तेव्हा लेख नाही. या व्यवस्थेत वाचकाची सोय कुठे आहे, हे कोणीतरी मला समजावून सांगावे.

उशिरा आलेला लेख वाया जात नाही, याला इतिहासात आधार आहे. ‘बॉनी अँड क्लाइड’ ऑगस्ट १९६७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉझ्ली क्राउदर यांनी त्याला झोडपून काढले. पॉलीन केल यांनी त्यावर कित्येक हजार शब्दांचा लेख लिहिला. त्या तेव्हा ‘न्यू रिपब्लिक’साठी लिहीत, तिथे तो स्वीकारला गेला नाही. अखेर ऑक्टोबरमध्ये, चित्रपट पडद्यावर येऊन दोन महिने उलटल्यावर, तो ‘न्यूयॉर्कर’ने छापला, आणि अमेरिकी चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात आज तो मैलाचा दगड मानला जातो. एका संपादकाने तो नाकारला आणि दुसऱ्याने छापला, हे आपल्यापुढे मुद्दाम ठेवते. जो मॉर्गनस्टर्न यांचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. ‘न्यूजवीक’मध्ये त्यांनी याच चित्रपटावर आधी प्रतिकूल लिहिले, मग तो पुन्हा पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात आपले आधीचे परीक्षण चुकले होते असे सांगून नवे परीक्षण प्रसिद्ध केले. हा काही हौशी मंडळींनी केलेला छोटा चित्रपट नव्हता, त्यामागे स्टुडिओ होता. स्टुडिओचे बळ असलेल्या चित्रपटाला जर दुसऱ्या वेळी पाहणारा समीक्षक आणि दोन महिन्यांनी लेख छापणारा संपादक लागला, तर ज्याच्यामागे कोणीही नाही अशा चित्रपटाला तो किती लागेल?

तिसरी गोष्ट म्हणजे ‘हे कोणी वाचत नाही’ हा आपला युक्तिवाद. प्रत्येक बैठकीत तो पुढे येतो, सोबत क्लिकांचा तक्ता असतो, आणि तक्ता समोर आला की बोलणे संपते. वाचकसंख्या कमी असते हे मी नाकारत नाही. परंतु जो लेख मुख्य पानावर कधी लागला नाही, ज्याला छायाचित्र मिळाले नाही, ज्याचे शीर्षक ‘या आठवड्यातील संगीत’ असे ठेवले गेले आणि जो दुपारनंतर शोधूनही सापडला नाही, त्याला वाचक मिळाले नाहीत, हा निष्कर्ष लेखाविषयी काही सांगतो की मांडणीविषयी?

शिवाय हा तर्क केवळ आपला नाही, हे मला अधिक काळजीचे वाटते. मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा वाजले नसेल अशा गाण्याला रॉयल्टीत वाटा नाही, हा नियम स्पॉटिफायने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केला आणि २०२४ पासून लागू केला. कंपनीच्या बाजूने त्याला कारणे दिली गेली: रक्कम इतकी किरकोळ असते की ती कलाकारापर्यंत पोचतच नाही, आणि बनावट गाण्यांचा पूर आवरायला हवा. कारणे काही असोत, नऊशे वेळा ऐकले गेलेले गाणे हिशेबापुरते न ऐकलेले ठरते. तिथे हिशेबाची बाब होती. आपण तोच उंबरठा मतप्रदर्शनाला लावत आहात, आणि संख्येने थोड्या श्रोत्यांच्या गोष्टीविषयी बोलणारी जागा जर संख्येच्याच कारणाने बंद होऊ लागली, तर तिच्याविषयी बोलणार तरी कोण?

याच काळात समीक्षेची मोठी ठिकाणेही आकसली. पिचफोर्क हे १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेले संगीतसमीक्षेचे संकेतस्थळ जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनीने ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकाखाली आणले आणि अनेक संपादक-लेखकांच्या नोकऱ्या गेल्या. (त्यांची दशांश चिन्हापर्यंत गुण देण्याची पद्धत मला नेहमीच हास्यास्पद वाटत आली; ८.३ आणि ८.४ या दोन अल्बमांत नेमका काय फरक असतो, हे त्यांनाही सांगता आले नसते. पण त्या आकड्याखाली, तो चुकीचा आहे असे म्हणण्यापुरता का होईना, पुरेसा मजकूर असे.) बँडकॅम्प या छोट्या कलाकारांना थेट विक्री करू देणाऱ्या मंचाची मालकी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा बदलली, आणि दुसऱ्या वेळी सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना जावे लागले. ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीतपत्राचा साप्ताहिक छापील अंक मार्च २०१८ मध्येच बंद झाला होता. ही उदाहरणे आपला बचाव म्हणून आपणच देता: पाहा, मोठ्यांनाही जमले नाही. मी त्यांतून उलटा अर्थ काढते. तिथली जागा कमी झाली आहे म्हणून आपल्याकडची प्रत्येक ओळ अधिक महत्त्वाची झाली आहे.

अल्गोरिदम हे काम करतो, असेही सांगितले जाते. शिफारशींमुळे मला काही चांगले संगीत मिळाले आहे, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण शिफारस ‘तुम्ही हे ऐकले म्हणून हेही ऐका’ एवढेच म्हणू शकते. ऐकताना कान कुठे द्यायचा, हे काम कोणी केले आणि कशासाठी, हे तिला विचारता येत नाही. २०२५ च्या जून-जुलैत ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाच्या एका बँडचे मासिक श्रोते दहा लाखांच्या पुढे गेले आणि नंतर उघड झाले, की असा बँडच अस्तित्वात नाही, संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनवलेले आहे. आधी शंका आली ती चौकस श्रोत्यांना आणि पत्रकारांना. प्लेलिस्टांतून ते संगीत निर्वेध वाहत होते.

याउलट एका माणसाचा कान काय करू शकतो, ते जॉन पील यांच्याकडे पाहून कळते. १९६७ मध्ये बीबीसी रेडिओ १ सुरू झाला तेव्हापासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिथे अनोळखी बँडांचे संगीत लावत राहिले. श्रोत्यांनी पाठवलेल्या कॅसेट ते ऐकत. कधी तबकडी चुकीच्या वेगाने लावत आणि तसे सांगतही. त्यांची आवड सर्वांना पटत नसे, मलाही त्यांनी वाजवलेल्यातले पुष्कळसे ऐकवत नाही. परंतु त्यांना काय आवडते हे श्रोत्यांना ठाऊक होते आणि त्या ओळखीच्या आधारावर श्रोता आपले मत बनवू शकत होता. चौकटीखाली नावच नसेल तर ही ओळख कशी व्हायची?

आता प्रसिद्धिपत्रकांविषयी. हा विषय थोडक्यात आटोपते, कारण तो आपल्याला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. समीक्षा गेली, पण जागा रिकामी राहिली नाही. तिथे कलाकाराच्या प्रतिनिधीने पाठवलेला मजकूर शीर्षक बदलून येऊ लागला. अलीकडे एका अल्बमविषयी तीन निरनिराळ्या ठिकाणी वाचले, तर तिन्हीकडे ‘सीमारेषा पुसणारा प्रयोग’ हे शब्द होते आणि तिन्हीकडे गिटारवादकाचे आडनाव एकाच तऱ्हेने चुकलेले होते. त्या बिचाऱ्या गिटारवादकाने आपल्यावर छापून आलेले मोठ्या उत्साहाने कापून ठेवले असेल. पैसे घेऊन छापलेला मजकूर तर काही ठिकाणी परीक्षणासारखाच मांडलेला असतो आणि ‘सहयोगाने’ हा शब्द भिंग घेऊन शोधावा लागतो. जिथे पैसा देणारा कोणीतरी असतो तिथेच हे घडू शकते. म्हणजे ज्यांना पैसे देणे परवडत नाही त्यांच्यावर ना समीक्षा ना जाहिरात, अशी सध्याची स्थिती आहे.

शेवटची तक्रार जुन्या लेखांची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. संकेतस्थळाची रचना बदलली, नवी यंत्रणा आली, की काही वर्षांपूर्वीची परीक्षणे नाहीशी होतात. दुवा उघडला की मुख्य पान येते. माझे स्वतःचे कित्येक लेख असे गेले आहेत, आणि विचारल्यावर एका ठिकाणाहून ‘त्या मजकुराला फारशी भेट नव्हती’ असे उत्तर मिळाले. हे इतरत्र कोणत्या थराला जाऊ शकते ते जगाने पाहिले आहे: एमटीव्ही न्यूज २०२३ मध्ये बंद झाले आणि जून २०२४ मध्ये त्याचा सारा जुना मजकूर संकेतस्थळावरून काढून टाकला गेला, त्यात दोन दशकांहून अधिक काळाचे संगीतविषयक वार्तांकन होते. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमावर २०१५ पर्यंत चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये समोर आले. पाच कोटींहून अधिक गाणी गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. मोठ्या बँडांच्या बाबतीत कुठे ना कुठे प्रत उरते. छोट्या अल्बमची गोष्ट अशी, की कित्येकदा त्यावर छापून आलेले एकमेव परीक्षण हाच तो अल्बम निघाला होता याचा सार्वजनिक पुरावा असतो. तो पुसला, की पुढच्या अभ्यासकाला शोधायला नावही उरत नाही.

समीक्षकांची बाजू मांडताना त्यांचे दोष झाकायचा माझा हेतू नाही. आमच्यातल्या अनेकांनी असे लिहिले, की अल्बम ऐकण्यापेक्षा परीक्षण समजून घेणे अवघड व्हावे. एका अनोळखी बँडची ओळख करून देताना आणखी पाच अनोळखी बँडांची नावे घेणे, हा आमचा आवडता उद्योग. कोणी पहिल्या अल्बमची टर उडवून नाव कमावले, कोणी मित्रांचे चित्रपट तेवढे डोक्यावर घेतले. वाचक दुरावले असतील तर त्यात याचाही वाटा आहे. पण यावर उपाय संपादनाचा आहे. लेख दुर्बोध असेल तर परत पाठवा, मैत्रीतून लिहिलेला वाटला तर विचारा, लांबला असेल तर कापा. हे आपले काम आहे आणि आपल्यापैकी काहींनी ते माझ्या लेखांवर फार चांगले केले आहे. सदर बंद करणे हे संपादन नव्हे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

प्रसिद्धियंत्रणा नसलेल्या संगीतासाठी आणि मर्यादित स्वरूपात प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी दर आठवड्याला एक निश्चित जागा ठेवावी. ती मोठी नसली तरी चालेल. महिन्यातून चार अल्बम आणि चार चित्रपट, प्रत्येकी सहाशे-सातशे शब्द, एवढ्याने सुरुवात करता येईल. मोठे प्रदर्शन आले म्हणून ती जागा त्या आठवड्यापुरती काढून घेऊ नये.

प्रत्येक परीक्षणाखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे. कलाकृती कशी पाहिली किंवा ऐकली, म्हणजे महोत्सवात, चित्रपटगृहात, की निर्मात्याने पाठवलेल्या दुव्यावर, हेही एका ओळीत नमूद करावे. तारका काढून टाकाव्यात, ही माझी इच्छा आहे. ते शक्य नसेल तर त्या मजकुराच्या शेवटी छापाव्यात, शीर्षकाशेजारी नव्हे.

प्रदर्शनाच्या दिवसाची अट या सदरापुरती रद्द करावी. अल्बम किंवा चित्रपट लोकांना उपलब्ध झाल्यापासून वर्षभरात कधीही त्यावर लिहिता यावे, आणि महोत्सवाच्या वेळी छापलेला लेख चित्रपट ओटीटीवर आल्यावर तारखेसह पुन्हा वर आणावा. मत बदलले तर समीक्षकाला तसे लिहिण्याची मुभा असावी.

पैसे घेऊन छापलेला आणि प्रसिद्धिपत्रकावरून तयार केलेला मजकूर पहिल्या ओळीच्या आधी, त्याच आकाराच्या अक्षरांत, तसा जाहीर करावा. यंत्राकडून लिहून घेतलेल्या सारांशालाही हाच नियम लागू व्हावा.

जुनी परीक्षणे त्यांच्या मूळ तारखेसह आणि लेखकाच्या नावासह उपलब्ध ठेवावीत. संकेतस्थळ बदलताना ती हलवणे जमणार नसेल, तर काढण्यापूर्वी लेखकांना किमान तीन महिन्यांची सूचना द्यावी आणि मजकूर एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे सोपवावा. आणि अर्थात, मान्य केलेले मानधन ठरल्या वेळी द्यावे. ही मागणी वेगळी लिहावी लागू नये अशी माझी इच्छा होती.

यांतल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, हे आपण आपल्या वाचकांना आपल्याच पानांवर सांगावे, अशी विनंती आहे. मला वेगळे उत्तर पाठवण्याची गरज नाही. निर्णय कायम ठेवायचा असेल, तर सदर बंद केल्याचे निदान जाहीर करावे, कारण अजूनही काही कलाकार आपापले अल्बम आणि चित्रपटांचे दुवे आपल्या समीक्षा विभागाच्या पत्त्यावर पाठवत आहेत आणि ते कोणीतरी उघडेल म्हणून थांबले आहेत.

आपली विश्वासू,
एक मुक्त समीक्षक आणि आपली नियमित वाचक